डिझेलच्या टाकीत पाणी येतं कुठून?

गाडी रात्रभर उभी आहे. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी वॉटर सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या, खाली काचेची स्वच्छ बाटली धरायची आणि तळाचा ड्रेन हाताने दोन आटे सैल करायचा. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. अर्धी बाटली भरली की ड्रेन बंद करून बाटली उजेडात धरायची. वरचा भाग फिकट पिवळा, पारदर्शक. खाली बोटभर जाडीचा वेगळाच थर. दोघांच्या मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. बाटली तिरकी केली की खालचा थर घरंगळत एका कोपऱ्यात जाऊन बसतो. ते पाणी.

पाणी निघालं की बहुतेकांच्या तोंडून दोन वाक्यं ठरलेली: "रात्रीचं दव धरलं असेल" आणि "एखादं औषध टाकू." दोन्हींत घाई आहे असं माझं मत. आधी बाटलीतलं पाणी मोजा. चमचाभर आहे, कपभर आहे की लिटरभर, यावरून ते कुठून आलं याचा निम्मा अंदाज तिथेच लागतो. आणि ते येण्याची वाट बंद केली नाही तर कुठलंही औषध फार दिवस पुरत नाही.

एकच पाणी, तीन रूपं

डिझेल आणि पाणी मिसळत नाहीत हे शाळेत शिकलेलं खरं आहे, पण पुरतं खरं नाही. थोडंसं पाणी डिझेलमध्ये विरघळतंच. साध्या खनिज डिझेलमध्ये नेहमीच्या तापमानाला किलोमागे साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, फिल्टरला अडवता येत नाही आणि इंजिनालाही जाणवत नाही. डिझेल जळताना त्याची वाफ होऊन ते निघून जातं. युरोपातलं ईएन ५९० हे मानक तर किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालवून घेतं. ४०० लिटर डिझेलमागे हा हिशेब सुमारे ६६ ग्रॅमचा होतो.

डिझेलला झेपतं त्याहून जास्त पाणी झालं की ते बाहेर पडतं. नीट घुसळलं गेलं तर बारीक थेंबांच्या रूपात तरंगत राहतं आणि डिझेल धुरकट, दुधी दिसू लागतं. हे दुसरं रूप, आणि इंजिनाच्या दृष्टीने सर्वांत फसवं. तिसरं रूप म्हणजे तळाशी बसलेलं मोकळं पाणी, बाटलीतल्या रेघेखालचं. डिझेलची घनता पाण्याच्या ८२ ते ८५ टक्के असते, म्हणून पाणी नेहमी खाली जातं.

ही रूपं रोज बदलत असतात. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल उचलतो, प्रचंड दाबाखाली नेतो आणि उरलेलं तापलेलं डिझेल रिटर्नच्या नळीतून टाकीत परत पाठवतो. दिवसभर गाडी चालली की संध्याकाळी टाकीला हात लावून बघा, कोमट लागते. कोमट डिझेल जास्त पाणी विरघळवून घेतं. रात्री टाकी गार झाली की तेच पाणी सुटून खाली बसतं. म्हणून ड्रेन सकाळी काढायचा, गाडी हलवायच्या आधी. संध्याकाळी येऊन लगेच ड्रेन उघडणाऱ्याला बहुधा डिझेलच मिळतं आणि तो समाधानाने झोपतो.

खाली बसायला वेळ किती लागतो? १८५१ साली जॉर्ज स्टोक्सने द्रवात बुडणाऱ्या गोळ्याच्या वेगाचा नियम मांडला, तो इथे चपखल बसतो. केसाएवढ्या जाडीचा, म्हणजे १०० मायक्रॉनच्या आसपासचा थेंब अर्धा मीटर खोल डिझेलमधून साधारण वीस-पंचवीस मिनिटांत तळ गाठतो. थेंब दहापट लहान असेल तर वेळ दहापट नव्हे, शंभरपट लागतो: दीड दिवसाहून जास्त. पंपातून घुसळून निघालेले बारीक थेंब एका रात्रीत बसत नाहीत ते यामुळे.

दवाचा हिशेब

आता त्या दवाच्या गोष्टीकडे येऊ. "टाकी रिकामी ठेवू नका, रात्री हवेतलं पाणी धरतं" हा सल्ला चुकीचा नाही. पण त्याच्या नावावर जेवढं पाणी खपवलं जातं तेवढं त्यातून येऊ शकत नाही.

४०० लिटरची टाकी घ्या, पाव भरलेली. वर ३०० लिटर हवा. ती हवा ३० अंश तापमानाची आणि बाष्पाने अगदी पुरी भरलेली आहे असं धरा, म्हणजे वाईटात वाईट परिस्थिती. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं, म्हणजे आपल्या ३०० लिटरमध्ये ९ ग्रॅम. रात्री तापमान २० अंशांवर उतरलं तर हवा घनमीटरमागे १७ ग्रॅमच धरून ठेवू शकते. सुटलेलं पाणी: सुमारे ४ ग्रॅम. एक चमचासुद्धा नाही. टाकी श्वास घेते, म्हणजे गार होताना बाहेरची थोडी हवा ओढते, हेही खरं. पण दहा अंशांच्या फरकाने हवेचं आकारमान तीन-साडेतीन टक्केच बदलतं, म्हणजे दहा लिटर नवी हवा. तिच्यातलं पाणी जेमतेम तीन दशांश ग्रॅम.

गार होणाऱ्या डिझेलमधून याहून जास्त पाणी सुटू शकतं. किलोमागे फक्त ३० मिलिग्रॅम सुटलं असं धरलं तरी भरलेल्या ४०० लिटरमागे १० ग्रॅम होतात. तेही फार नाही, पण दवाच्या दुपटीहून जास्त.

आता टाकीचं झाकण बघा. तोंडाभोवती दहा सेंटिमीटर रुंदीची खोलगट जागा आहे, आणि झाकणाचं रबर कडक होऊन तडकलंय. एक सेंटिमीटर पाऊस पडला तर त्या खळग्यात जवळपास ८० मिलिलिटर पाणी जमतं. तापलेल्या टाकीवर पाऊस पडला की टाकी झपाट्याने गार होते आणि आतली हवा आकसते. टाकीला हवा मिळण्यासाठीचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर हवा यायला दुसरी वाट नाही. मग टाकी झाकणाच्या फटीतूनच ओढते, आणि फटीवर पाणी उभं आहे. एका सरीत वीस रात्रींचं दव आत गेलं.

हीच गत उभ्या ठेवलेल्या पिंपाची. पिंपाच्या वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी तळ्यासारखं साचतं आणि बूच त्या तळ्याखाली बुडतं. दिवसा पिंप तापतं, हवा बाहेर टाकतं. रात्री गार होऊन ओढतं ते पाणी. बूच घट्ट आहे, एक थेंब सांडत नाही, हे खरं असूनही पाणी आत जातं. पिंप आडवं ठेवून दोन्ही बुचं मध्यरेषेवर आणली, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, की ती आतून डिझेलखाली राहतात आणि ओढायला हवा-पाणी उरत नाही.

लिटरात पाणी निघालं तर मात्र संशय दोनच ठिकाणी घ्यायचा. एक, प्रेशर वॉशरची धार झाकणावर किंवा ब्रीदरवर मारली गेली. दोन, पाणी डिझेलबरोबरच आलं. जिथून डिझेल भरतो तिथेही जमिनीखाली टाकी असते, तिच्याही तळाशी पाणी साचतं, आणि तिच्यात टँकर रिकामा होत असताना तळ ढवळून निघतो. टँकर उतरतोय असं दिसलं तर त्या वेळी भरू नये, थोडा वेळ जाऊ द्यावा, ही चालकांची जुनी समजूत भौतिकशास्त्राला धरून आहे. या साठवणुकीच्या टाक्यांची अवस्था किती वाईट असू शकते याचा एक नमुना सांगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जमिनीखालच्या ४२ डिझेल टाक्या आतून तपासल्या होत्या. त्यातल्या ८३ टक्के टाक्यांत धातूला मध्यम किंवा तीव्र गंज सापडला, आणि बहुतेक मालकांना त्याची आधी कल्पनाही नव्हती.

बायोडिझेल मिसळलेलं असेल तर हिशेब आणखी बदलतो. शुद्ध बायोडिझेल साध्या डिझेलच्या दहा-पंधरा पट पाणी विरघळवून घेऊ शकतं. मिश्रणात ते थोडंच असतं, पण जितकं असेल तितकी पाणी धरायची ताकद वाढते, आणि गार झाल्यावर सुटणारं पाणीही वाढतं.

तळाचं पाणी कधी उठतं

टाकीच्या तळाशी पाणी आहे म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही. सक्शन पाइपचं तोंड तळापासून थोडं वर, काही सेंटिमीटरवर ठेवलेलं असतं. एक मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद तळाच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सहा लिटर. इतकं पाणी पोटात घेऊन गाडी महिनोन्‌महिने सुखाने धावू शकते.

मग एक दिवस चढ लागतो. किंवा जोराचा ब्रेक बसतो, किंवा टाकी नेहमीपेक्षा खाली जाते. पाणी एका बाजूला लोटतं, सक्शन पाइपचं तोंड बुडतं, आणि एका घोटात अर्धा लिटर पाणी फिल्टरकडे निघतं. गाडी लोड घेत नाही, धक्के देते, मिस मारते, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो. चढ संपून सपाटी आली की पाच मिनिटांत सगळं ठीक. मेकॅनिककडे नेईपर्यंत काहीच सापडत नाही. चढावर, वळणावर किंवा ब्रेकनंतरच येणारी आणि आपोआप जाणारी तक्रार असेल तर सेन्सर आणि वायरिंग उकलत बसण्याआधी टाकीचा तळ बघावा. सरळ उभ्या गाडीचा ड्रेन प्लग काढून बादलीत पहिले दोन लिटर घेतले की उत्तर मिळतं.

कडक थंडीच्या प्रदेशात आणखी एक भर: हेच पाणी गोठतं, बर्फाचे कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि डिझेल पुढे सरकत नाही.

इंजिनात नेमकं काय बिघडतं

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्या थोडं पाणी पचवायच्या, असं जुने मेकॅनिक सांगतात, आणि ते बरोबर आहे. त्या नोझल साधारण दोन-अडीचशे बारला उघडायच्या. आजच्या कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २५०० बारपर्यंत जातो. इंजेक्टरच्या आतल्या सुईच्या आणि तिच्या बाहीच्या मधली फट अवघी दोन-चार मायक्रॉनची. केस त्याच्या वीसपट जाड. या फटीत वंगण म्हणून वेगळं तेल नसतं. डिझेलच वंगणाचं काम करतं. पाणी ते करत नाही. पाण्याचा थर तिथे दाबाखाली तग धरत नाही, धातूवर धातू घासतो, ओरखडे पडतात आणि इंजेक्टर गळू लागतो.

त्यातून गंज. पाण्याने टाकीच्या किंवा नळीच्या लोखंडावर चढवलेला गंज बारीक भुकटी होऊन पुढे येतो, आणि दोन मायक्रॉनच्या फटीसाठी ती सँडपेपरच. इंजेक्टर उघडून सुईवर तांबूस डाग दिसले की मेकॅनिक मान हलवतो ती याच कारणाने.

"पाण्याची वाफ होऊन नोझलचं टोक उडतं" हे वाक्य गॅरेजमध्ये फार ऐकू येतं. तापलेल्या टोकापाशी दाब सुटताच पाण्याची झटकन वाफ होते आणि टोकाला इजा होऊ शकते, त्यात तथ्य आहे. पण ते नाट्यमय असल्यामुळे लक्षात राहतं. बहुसंख्य इंजेक्टर मरतात ते घासून आणि गंजून, गुपचूप.

इथे एक उपप्रश्न हमखास येतो. काही ठिकाणी तर डिझेलमध्ये मुद्दाम १० ते २० टक्के पाणी मिसळून इंधन बनवतात, धूर आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून. मग आपल्या पाण्यानेच काय बिघडतं? त्या इंधनात पाण्याचा प्रत्येक थेंब खास रसायनांनी डिझेलच्या आवरणात गुंडाळून, अगदी बारीक आणि सारखा करून अडकवलेला असतो. टाकीच्या तळातून उठलेला घोट तसा नसतो. तो एकगठ्ठा जातो.

रेघेवर राहणारे

बाटलीतली ती रेघ कधीकधी स्वच्छ नसते. पाणी आणि डिझेल यांच्या मधे तपकिरी-काळी, जाळीसारखी, शेवाळासारखी एक साय तरंगताना दिसते. बाटली हलवली की तिचे तुकडे होतात, पण विरघळत नाहीत. हे जिवंत आहे.

सूक्ष्मजीवांना अन्न डिझेलमधून मिळतं आणि पाणी खालच्या थरातून. म्हणून त्यांची वस्ती बरोबर सीमेवर. बॅक्टेरिया असतात, यीस्ट असते, बुरशी असते. यांतली सर्वांत प्रसिद्ध बुरशी हॉर्मोकोनिस रेझिनी. विमानांच्या केरोसीनजातीच्या इंधनात ती पूर्वीच इतकी सापडली की तिला केरोसीन बुरशी असंच नाव पडलं. डिझेलवाले तिला आणि तिच्या सगळ्या गोतावळ्याला मिळून डिझेल बग म्हणतात.

त्यांना फार पाणी लागत नाही. टाकीच्या शिवणीत, एखाद्या खोबणीत अडकलेला पातळ थर पुरतो. ते चिकट साय बनवतात, ती भिंतीला धरून राहते आणि तिच्याखाली आम्लं तयार होऊन धातूला खड्डे पडतात. काही जातींना ऑक्सिजनही लागत नाही. त्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. टाकीचं झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर नाक टाकीच्या तोंडाशी नेऊन खात्री करू नका. तो वायू विषारी आहे. बायोडिझेल या जिवांना साध्या डिझेलपेक्षा सोपं अन्न वाटतं, म्हणून मिश्रण असलेली आणि फार दिवस उभी राहिलेली गाडी यांची आवडती जागा.

चालकाला हे कळतं फिल्टरवरून. नवा फिल्टर नेहमीच्या निम्म्या अंतरात चोक होतो. उघडला तर कागदावर धूळ नाही, बुळबुळीत काळा थर.

यावर जंतुनाशक औषध मिळतं आणि ते काम करतं. पण दोन गोष्टी बाटलीवर बारीक अक्षरात असतात. पाणी काढल्याशिवाय औषध टाकलं तर वस्ती पुन्हा उभी राहते, कारण राहायची जागा तशीच आहे. आणि मेलेले जीव कुठे जात नाहीत. साय सुटून तुकड्यांनी फिल्टरवर येते. औषधानंतरच्या काही दिवसांत फिल्टर लागोपाठ चोक झाले तर औषध बिघडलं नाही, उलट लागू पडलं. दोन-तीन फिल्टर गाडीत ठेवूनच हे काम हाती घ्यावं. हातमोजे घालावेत, मात्रा लेबलवर आहे तेवढीच.

सेपरेटर आणि तो पिवळा दिवा

टाकी आणि पंप यांच्या मधे बसवलेल्या वॉटर सेपरेटरचं काम साधं आहे. डिझेल एका अशा तंतूंच्या थरातून जातं की बारीक थेंब तिथे अडकतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि जड होऊन खालच्या वाटीत पडतात. पुढचा कागद पाण्याला दूर लोटणारा असतो. मात्र थेंब एकमेकांना चिकटायला हवेत. डिझेलमध्ये साबणासारखी वागणारी द्रव्यं असली, मग ती काही ॲडिटिव्ह असोत किंवा बायोडिझेलचे अंश, तर थेंब चिकटत नाहीत आणि तसेच निसटतात.

वाटीच्या तळाशी दोन टोकं असलेला सेन्सर असतो. डिझेलमधून वीज जात नाही, पाण्यातून जाते. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागून विझला तर दिवा चांगला आहे इतकाच अर्थ. आणि तो वाटीत साचलेल्या मोकळ्या पाण्याबद्दलच बोलतो. डिझेलमध्ये तरंगणारं दुधी पाणी त्याच्या समोरून निघून जातं. दिवा लागला नाही म्हणजे पाणी नाही, असं समजून चालू नका. पण लागला तर दुर्लक्ष करू नका; वाटी भरल्यावरच तो बोललाय.

ड्रेन उघडूनही काही पडत नाही, अशी तक्रार असते. सेपरेटर पंपाच्या ओढीच्या बाजूला असेल तर वरून हवा मिळाल्याशिवाय खालून द्रव पडत नाही, स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवल्यासारखं. इंजिन बंद ठेवून वरचा स्क्रू सैल करा किंवा हातपंप मारा, मग धार लागते. इंजिन चालू असताना मात्र हा ड्रेन उघडायचा नाही, नाहीतर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाईल आणि गाडी एअर धरेल.

बाटली वाचताना

एक फसगत मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून सांगतो. ड्रेनखाली बाटली धरली, भरली, उजेडात बघितली: एकसारखी पिवळसर, रेघ कुठेच नाही. छान, सगळं डिझेल, म्हणून ड्रेन बंद केला. प्रत्यक्षात सगळंच्या सगळं पाणी होतं, डिझेलच्या आणि गंजाच्या रंगाने मळलेलं. रेघ दिसायला दोन द्रव लागतात.

तेव्हापासून बाटलीत पाण्याचा एक थेंब टाकून बघतो. थेंब मोत्यासारखा खाली जाऊन बसला तर ते डिझेल. मिसळून दिसेनासा झाला तर पाणी. दुसरा उपाय कोरड्या खाद्यरंगाची चिमूट: पाण्यात तो पसरतो, डिझेलमध्ये भुकटी होऊन पडून राहतो. द्रवरूप रंग घेऊ नका, त्यात स्वतःचंच पाणी असतं. मोठ्या टाकीसाठी पाणी शोधायची पेस्ट मिळते. मोजपट्टीच्या टोकाला लावून तळापर्यंत सोडली की जिथवर पाणी आहे तिथवर तिचा रंग बदलतो. दोन टाक्यांची गाडी असेल तर दोन्ही बघायच्या.

पाणी सापडल्यावर

पाण्याचा संशय असताना स्टार्टर मारत राहू नका. प्रत्येक फेरीत पाणी पुढे सरकतं, आणि सेपरेटरपर्यंतचं काम स्वस्त, पंपाच्या पुढचं महाग. आधी सेपरेटरमधलं पाणी काढा. त्यात पाणी येतच राहिलं तर टाकीचा ड्रेन. तेही पुरत नसेल तर टाकी उतरवून धुणं आलं. आजूबाजूला आग, विडी-सिगारेट, ग्राइंडर नको. मग दोन्ही फिल्टर बदलायचे आणि एअर काढायची. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरायची सवय कॉमन रेल गाडीत सोडून द्यावी. ते डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जातं, कचऱ्यासकट. हातपंपानेच भरू द्या. काढलेलं पाणी-डिझेल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. वापरलेल्या ऑइलसारखं वेगळं जमा करायचं.

"पाणी घालवणारं" म्हणून मिळणारी औषधं दोन विरुद्ध जातींची असतात. एक पाण्याला डिझेलपासून वेगळं करतं, म्हणजे सेपरेटरला मदत. दुसरं पाण्याचे थेंब डिझेलमध्ये विखरून टाकतं, म्हणजे ते सेपरेटरमधून पार होऊन इंजेक्टरकडे जाणार. दुसऱ्या जातीचं औषध तळाशी लिटरभर पाणी असलेल्या कॉमन रेल गाडीत टाकणं म्हणजे आपणच चोराला घराची किल्ली देणं. लेबल वाचून कुठली जात ते कळत नसेल तर टाकू नका.

एक प्रकार पाण्यासारखा दिसतो पण त्याहून वाईट: एक्झॉस्टसाठीचं युरियाचं द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत जाणं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ते डिझेलहून जड, तेही तळाशी बसतं. या द्रावणाची नळी डिझेलच्या नळीहून बारीक असल्याने डिझेलच्या तोंडात ती सहज जाते, अडत नाही. वाळलं की युरियाचे पांढरे खडे होतात, पंपात आणि इंजेक्टरमध्ये अडकतात. चूक लक्षात आली तर चावी ऑनसुद्धा करू नका, कारण काही गाड्यांत टाकीतला पंप चावीबरोबरच सुरू होतो. गाडी ओढून न्या.

साध्या पाण्याचं प्रकरण निस्तरल्यावर पुढचा आठवडाभर रोज सकाळी ड्रेन काढा आणि निघालेलं पाणी मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा, शेजारी आदल्या दिवशी डिझेल भरलं होतं का, पाऊस होता का, गाडी धुतली होती का. आकडा तीन-चार दिवसांत शून्याकडे गेला तर शिवणीतलं उरलंसुरलं पाणी निघत होतं. पावसाच्या दुसऱ्या दिवशी उसळी घेतो तर झाकणाचं रबर आणि ब्रीदर. धुतल्यावर घेतो तर धार कुठे मारली ते विचारा. आणि दर वेळी टाकी भरल्यावरच घेत असेल, तर पुढच्या खेपेला भरायच्या नळीतूनच आधी बाटलीभर नमुना घ्या, बाकीचं नंतर भरा.